सुतारकी रक्तातून उतरते का? विश्वकर्मा योजनेच्या वादामागचा प्रश्न

१७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. सुतार, गवंडी, लोहार, कुंभार, होड्या बांधणारे अशा १८ धंद्यांसाठी ती आहे. सव्वा वर्षातच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तमिळनाडूने केंद्राला कळवलं की आहे त्या स्वरूपात ही योजना आम्ही राबवणार नाही. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणारी योजना आम्हाला नको, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तेव्हापासून दोन बाजू पडल्या आहेत. एक म्हणते, पिढ्यान्‌पिढ्यांची कला मरते आहे, ती वाचवा. दुसरी म्हणते, कलेच्या आडून जात वाचवू नका.

दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र न तपासताच धरून चालतात, की ही विद्या बापाकडून मुलाकडे ‘उतरते’. उतरते म्हणजे नक्की काय होतं? हे कळलं तर भांडण मिटणार नाही, पण निदान नेमकं कशावर आहे ते दिसेल. आपण सुताराचं उदाहरण घेऊ. गावाचं शेत आणि गावातली घरं, दोन्ही एकेकाळी त्याच्या हातावर उभी होती.

आधी योजनेत काय आहे ते बघू

नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मग ४० तासांचं प्राथमिक प्रशिक्षण, पाच-सात दिवसांचं. पुढे हवं असेल तर १२० तासांचं. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज. पाच वर्षांसाठी १३ हजार कोटींची तरतूद आहे. पात्रता कोणाला? वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या, ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’ स्वतःच्या जिवावर, हाताने आणि अवजारांनी करणाऱ्या कारागिराला. नियमांत जातीची अट कुठेही नाही. वाद ‘कुटुंबाधारित’ या शब्दापाशी आहे.

सुतार नक्की काय शिकतो?

करवत चालवणं आणि रंधा मारणं हे तर आहेच, पण ते निम्मंसुद्धा नाही. खरी विद्या लाकूड ओळखण्यात आहे.

पावसाळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो, हा अनुभव घरोघरचा. झाड तोडलं तरी लाकूड हवेतला दमटपणा शोषत आणि सोडत राहतं. गंमत अशी की ते सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि तिथेही दोन तऱ्हा आहेत. बुंधा आडवा कापला की जी वर्तुळं दिसतात, त्या वर्तुळांच्या अंगाने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेत आकसतं. दोन दिशांना दोन चाली असल्यामुळे ओली फळी वाळताना वाकते, पीळ खाते, टोकाला तडकते.

यातून सुताराचे किती निर्णय निघतात बघा. ही फळी कोणत्या अंगाने लावायची? तुळईला किंचित बाक आहे, तर तो वर ठेवायचा की खाली? (वर. छपराचा भार आला की तो सरळ होत जातो. खाली ठेवला तर वाढत जातो.) जुन्या चांगल्या दाराची मधली फळी चौकटीला खिळ्यांनी ठोकलेली सापडत नाही. ती चौकटीच्या खाचेत मुद्दाम सैल बसवलेली असते, म्हणजे श्रावणात फुगायला तिला जागा राहते. खिळे ठोकले असते तर वैशाखात ती मधोमध फाटली असती.

तीच गोष्ट सांध्यांची. एका लाकडाचं टोक तासून बारीक केलं की त्याला कूस म्हणतात, आणि ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेत घट्ट बसवतात. घराचा खांब आणि तुळई अशीच एकमेकांना धरून असतात. पण घट्ट म्हणजे किती घट्ट? लाकूड आज किती वाळलेलं आहे, सागाचं आहे की फणसाचं, काम आषाढात चाललं आहे की माघात, यावर ते ठरतं. फार घट्ट ठोकली तर खाच चिरते, सैल राहिली तर दोन वर्षांत खांब डुगडुगतो.

हे पुस्तकात लिहिता येत नाही का? येतं, पण थोडंच. पुरणपोळीची कणीक किती सैल भिजवायची हे आईला विचारून बघा. ती म्हणेल, ‘हाताला कळतं.’ ती लपवत काही नाही. तिला ठाऊक आहे ते खरोखरच तिच्या बोटांत आहे, आणि शब्दांत आणायला गेलं की त्यातलं अर्धं गळून जातं. अशा ज्ञानाला अभ्यासक ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतात. मायकेल पोलानी या विचारवंताने गेल्या शतकाच्या मध्याला ही कल्पना मांडली. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त येत असतं, हा तिचा गाभा. ते शिकायला एकच मार्ग आहे. ज्याला येतं त्याच्या शेजारी बसायचं, चुकायचं, आणि चूक लगेच दाखवली जायची.

मग हे घरातच का शिकलं गेलं?

याचं उत्तर पैशात आहे. एरवी या विषयावर लिहिताना लोक संस्कार, परंपरा वगैरेंकडे वळतात. मला वाटतं हिशेब आधी मांडावा.

शिकाऊ पोरगा सुरुवातीची काही वर्षं कमवत तर नाहीच, उलट नुकसान करतो. पटाशीची धार घालवतो. अर्धा इंच आखूड कापलेली तुळई लांब करता येत नाही, आणि सागवान काही फुकट येत नाही. उस्तादाचा वेळ जातो तो वेगळाच. हा तोटा परक्या पोरासाठी कोण सोसणार? घरच्या पोरासाठी सोसला जातो, कारण म्हातारपणी तेच पोसणार असतं. दुसरी गोष्ट स्पर्धेची. परका पोरगा शिकून तयार झाला की शेजारच्या आळीत स्वतःचं दुकान घालणार. मुलगा घालणार नाही, त्याला हेच दुकान मिळणार आहे.

महाराष्ट्रात याच्या जोडीला बलुतं होतं. सुताराने वर्षभर गावची आऊतकाठी राखायची, म्हणजे नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी यांची डागडुजी करायची, आणि सुगीला शेतकऱ्याने त्याला ठरलेलं धान्य द्यायचं. गावकीतला हा हक्क वारसाने चाले. म्हणजे मुलगा जन्मला तेव्हाच त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं. पुढे काम मिळणारच असेल, तर शिकवण्यात दहा वर्षं घालणं बापाला परवडत होतं.

शिकणंही ठरवून होत नसे. पोरं सुताराच्या मेटावरच, म्हणजे कामाच्या जागेवरच, वाढायची. आधी ढलप्या गोळा करायच्या, मग मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायचं. मग धार लावायची, आणि करवतीचे दाते कानशीने घासायचे, मग एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवायचे. या कामात पोराचा फार काळ जायचा आणि ते कंटाळवाणं असायचं, पण हत्याराला धार कधी आहे आणि कधी गेली हे ज्याच्या हाताला कळत नाही त्याला पुढचं काहीच येत नाही. मृगाच्या आधी आऊत भरून घ्यायला शेतकऱ्यांची रांग लागे, तेव्हा दहा वर्षांचं पोरही कामाला जुंपलेलं असे. नांगराला बाभूळ, दाराला साग, कोकणात फणस आणि किंजळ, हे त्याला कोणी शिकवलं असं नाही. ऐकून ऐकून झालं.

या व्यवस्थेची किंमतही होती, आणि ती लहान नव्हती. बाहेरच्याला आत येता येत नसे, आतल्या मुलाला बाहेर पडता येत नसे. मुलगी मेटावर वावरली तरी वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, तिच्या हातात कोणी दिला नाही.

धागा तुटला कुठे?

‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत’ हे उत्तर सोपं आहे आणि बव्हंशी खोटं आहे. काम आधी गेलं, पोरं मागून गेली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला. शेतकरी आधी त्याला बिचकले, पण पुढे लोखंडच टिकलं. नंतर ट्रॅक्टर आले. आऊतकाठी संपली तसं बलुतंही आटलं. घरांचं तेच झालं. आढं, वासे, रिपा, कौलं यांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, आणि खण मोजून घर बांधायची रीत गेली. (खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. घर केवढं आहे हे ‘तीन खणी’, ‘पाच खणी’ असं सांगत.) स्लॅबच्या घरात सुताराला उरल्या त्या चौकटी आणि दारं, आणि आता तीही तयार मिळतात.

त्यानंतर आलेल्या प्लायवूडची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. पातळ लाकडी पापुद्रे एकावर एक, दरवेळी काटकोनात फिरवून चिकटवले की प्लायवूड होतं. एका थराला आडवं फुगायचं असतं, पण वरचा-खालचा थर त्याला धरून ठेवतो. म्हणजे वर सांगितलेली लाकडाची सगळी चाल कारखान्यानेच बांधून टाकली. जे ओळखायला दहा वर्षं लागत, ते ओळखायची गरजच उरली नाही. प्लाय आणि सनमायकाचं काम करणारा मिस्त्री कमी दर्जाचा असं मुळीच नाही. त्याची मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि घाई त्याच्या गिऱ्हाईकाला सुताराच्या गिऱ्हाइकापेक्षा दसपट असते. पण ते वेगळं कसब आहे, ते लवकर शिकता येतं. मुंबई-पुण्यात हे काम आज मोठ्या प्रमाणात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर करतात, आणि त्यांच्यातही शिकवणारा बहुधा काका, मामा किंवा गाववालाच असतो. काम आहे तिथे घराणी आपोआप उभी राहतात, हे इथे दिसतं.

घरची विद्या नेहमी बरोबर असते का?

नाही. इथे जुन्याच्या प्रेमिकांना थोडं थांबवावं लागेल.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. लाकडी खांब-तुळयांचे खण, त्यांवर जाड मातीचं सपाट छप्पर, बाजूने दगड-मातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात थंडगार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि या भिंती आणि छपरं माणसांच्या अंगावर आली. सुमारे ८ हजार माणसं गेली. पुढे पाहणी करणाऱ्यांना भिंती कोसळूनही लाकडी खण उभे राहिलेली घरं दिसली. सुतारांच्या कामात जीव होता. पण खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार द्यावा, दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालावेत, छपरावर वर्षानुवर्षं मातीचा थर चढवू नये, हे घराण्यांनी शिकवलेलं नव्हतं. भूकंपानंतर उरलेली घरं मजबूत करताना अभियंत्यांना हेच सांगावं लागलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घरातून उतरणारी विद्या चुकांमधून घडते, आणि जी चूक एका माणसाच्या आयुष्यात परत परत समोर येते तेवढीच ती सुधारते. पाऊस दरवर्षी येतो. म्हणून कौलाचा उतार, पागोळी कुठे पडावी, खांब जमिनीत न पुरता दगडावर का उभा करावा, यात कोकणातला सुतार चुकत नाही. भूकंप शेकडो वर्षांत एकदा येत असेल, तर तीन-चार पिढ्यांच्या आठवणीत तो नसतोच. उलट काश्मीर आणि हिमाचलात जमीन अधूनमधून हलते, आणि तिथल्या जुन्या घरांत दगडी भिंतीला लाकडी पट्ट्यांनी बांधून घ्यायची रीत टिकलेली दिसते. म्हणजे घराण्याची विद्या आणि बाहेरचं शास्त्र यांतलं एकच निवडा असं म्हणणं बरोबर नाही. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

‘म्हणजे जातीचाच धंदा पुढे चालवायचा?’

हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलं. सुतारकी घराण्यात राहिली तशीच मैला वाहण्याची सक्तीही घराण्यातच राहिली, आणि ‘परंपरा’ या एकाच शब्दाखाली दोन्ही झाकता येतात.

तमिळनाडूच्या विरोधामागे तर ताजी नसली तरी खोल आठवण आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी (राजाजींनी) ग्रामीण प्राथमिक शाळांची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना होती. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव विरोधकांनी तिला दिलं. प्रचंड विरोध झाला, १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडलं आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी योजना गुंडाळली. म्हणूनच त्या राज्याने केंद्राकडे मागणी केली ती कुटुंबाच्या धंद्याची अट काढायची आणि किमान वय १८ वरून ३५ करायची. अठराव्या वर्षी पोराने कॉलेजात जावं, वडिलांच्या दुकानात नव्हे, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांनी या बदलांसह आपली वेगळी योजनाही आणली, २५ धंद्यांसाठी.

पस्तीसची अट मला पटत नाही. त्या वयात लाकूड ओळखायला शिकणं फार उशिराचं आहे. पण कुटुंबाची अट काढावी हे पटतं, आणि त्याला पुरावा आहे. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं मध्ययुगीन ओकचं छप्पर जळालं. ते पुन्हा लाकडातच, तुळया कुऱ्हाडीने तासून उभं केलं गेलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. हे करणारे सुतार कुठून आले? तेराव्या शतकापासून कुऱ्हाड सांभाळणाऱ्या घराण्यांतून नव्हे. काही जण फ्रान्समधल्याच गेदलों नावाच्या ठिकाणी तयार झाले होते, जिथे १९९७ पासून मध्ययुगीन पद्धतीने एक किल्ला निव्वळ शिकण्यासाठी बांधला जातो आहे. २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी जुन्या छपराचं बारकाईने मोजमाप करून ठेवलं होतं, त्याचाही उपयोग झाला. फ्रान्समध्ये तरुण कारागिरांनी काही वर्षं गावोगाव फिरून निरनिराळ्या उस्तादांकडे राहायचं, अशी जुनी पद्धतही आहे. युनेस्कोने २०१० मध्ये तिला वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात नातं लागत नाही.

घराण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून जपानची कोंगो गुमी ही देवळं बांधणारी कंपनी सांगतात. इ.स. ५७८ पासून एकाच कुटुंबाकडे, २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन होईपर्यंत. पण त्या कुटुंबातसुद्धा लायक मुलगा नसला की जावयाला आडनाव देऊन गादीवर बसवत. चौदा शतकं टिकायचं तर रक्तावर विसंबून चालत नाही, हे त्यांना आपल्या आधी कळलं होतं.

‘लहानपणीच शिकवायचं म्हणजे बालमजुरीच की’

कायदा इथे बारीक रेघ ओढतो. २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात त्याने मदत केली तर चालते. म्हणजे सुताराचा मुलगा संध्याकाळी वडिलांजवळ बसू शकतो. शेजारच्या घरातल्या, त्याच शाळेतल्या मुलाला ती मुभा नाही. रेघ मुलांच्या भल्यासाठी आहे आणि ती पुसावी असं मी म्हणणार नाही. पण तिचा एक परिणाम असा की घराण्याबाहेरच्याला सुरुवात करायलाच उशीर होतो. शाळेत आठवड्याला दोन तास खरं लाकूड आणि खरी हत्यारं असती, तर हा फरक बराच भरून निघाला असता. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं होतं. पुढे आपल्याकडे त्याचा ‘कार्यानुभव’ झाला, आणि कार्यानुभवात आपण काय केलं हे प्रत्येकाने स्वतःच आठवावं.

४० तासांत काय होईल?

ज्याला काम येतं त्याला नवं यंत्र, मापाची नवी पद्धत, बिल करणं, क्यूआर कोड लावणं, एवढं नक्की होईल. ते फुकट नाही. पण ज्याला येत नाही तो ४० तासांत सुतार होणार नाही, १२० तासांतही नाही. आयटीआयमधला सुतारकामाचा अभ्यासक्रमही एक वर्षाचा आहे. तो पाया देतो. पुढची पाच-सात वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढावीच लागतात.

त्या वर्षांचा पगार कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. जपानमध्ये इसे इथलं लाकडी मंदिर दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. एकदा युद्धांच्या काळात शतकाहून जास्त खंड पडला, तरी प्रथा पुन्हा सुरू झाली. शेवटची पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली, ती ६२ वी. विशीत शिकाऊ म्हणून आलेला सुतार चाळिशीत मुख्य कामावर असतो आणि साठीत देखरेखीला. काम ठरलेलं आहे, म्हणून शिकणारा येतो. आपल्याकडे जुने वाडे, देवळं, कोकणातली कौलारू घरं यांची दुरुस्ती चालू असतेच. पण तिच्या अंदाजपत्रकात शिकाऊ माणसाच्या रोजाचा रकाना नसतो. जुना सुतार एकटा येतो, काम करून जातो, आणि त्याच्या हातातलं त्याच्या हातातच राहतं.

हिशेब करून बघा. योजनेचाच ५०० रुपये रोज धरला आणि वर्षाचे ३०० दिवस, तर एका शिकाऊला दोन वर्षं उस्तादाजवळ ठेवायला ३ लाख लागतात. एका कारागिराला योजनेतून मिळू शकणारं एकूण कर्जही बरोबर ३ लाख आहे. कर्ज परत येतं, भत्ता येत नाही, हे खरं. पण शिकाऊ माणूस आजच्या नियमांत मुळात बसतच नाही, कारण तो अजून स्वतःचा धंदा करत नसतो. आणि गुरुशिष्य परंपरा बळकट करणं हे उद्दिष्ट लिहिलेल्या या योजनेत लाभ एका कुटुंबातून एकालाच आहे. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात. म्हणजे एकाच मेटावर बसणारा बाप आणि त्याचं लग्न न झालेलं पोर, या दोघांपैकी नोंदणी कोणा एकाचीच होते.